फटफटीची मुंज

थंडीच्या दिवसांत पहाटे आनंदाने उठणाऱ्या माणसावर माझा कधी विश्वास बसला नाही, आणि न उठणाऱ्या फटफटीचा मला कधी राग आला नाही. माझा उभा जन्म या दुसऱ्या जातीची समजूत घालण्यात गेला. संपादकांनी बजावलंय, ‘मिस्त्री, धंद्यातलं लिहा, पण खरं तेवढंच लिहा.’ खरं तेवढंच लिहिलं तर यांच्या अंकाचं अर्धं पान कोरं राहायचं आणि तिथे केसांच्या तेलाची जाहिरात यायची. तेव्हा खरं सगळं लिहितो, आणि वर थोडं पदरचं घालतो. वाचणाऱ्याने तांदूळ निवडतात तसं निवडून घ्यावं.

लढाईच्या काळात मी बसऱ्याला होतो. गेलो आगबोटीचा खलाशी म्हणून, परत आलो फटफट्यांचा मिस्त्री होऊन. वाळवंटात म्हणे नुसतं ऊन! पौषात तिथे अशी थंडी पडे की कपातला चहा तोंडाशी नेईपर्यंत थिजायचा आणि आम्ही त्याच्या वड्या पाडून खिशात ठेवायचो. भूक लागली की एक चोखायची. तसल्या थंडीत गोऱ्या साहेबांच्या फटफट्या या उजव्या पायाने उठवल्यात. त्यामुळे रत्नागिरीला मांडवीच्या वाटेवर, उंडीच्या झाडाखाली झावळांचं छप्पर घालून दुकान मांडलं, तेव्हा वाटलं होतं की इथे थंडीचं काम काही मिळायचं नाही. कोकणातली थंडी ती काय! बायका दोन्ही खांद्यांवरून पदर घेतात, संपली थंडी.

पण रत्नागिरीत समुद्राच्या उबेला बसून थंडीला हसायला काय जातं? हातखंबा ओलांडून कोल्हापूरच्या वाटेला लागा, पालीला जाऊन राहा. डोंगरांच्या खोलग्यातलं गाव. मार्गशीर्ष-पौषात तिथला कोंबडा आधी चुलीपाशी घसा शेकून घेतो आणि मग आरवतो. तिथल्या एका फटफटीने मला जो घाम फोडला, तो बसऱ्याच्या उन्हानेही फोडला नव्हता.

आता ज्यांनी फटफटी नुसती लांबून पाहिली आणि नाकाला रुमाल लावला, त्यांच्यासाठी दोन शब्द. इंजिन म्हणजे काही जादू नव्हे. त्याला प्यायला पेट्रोल लागतं, ओढायला हवा लागते, आणि दोन्ही पोटात एकत्र आली की बरोबर त्या घटकेला एक ठिणगी लागते. ठिणगी पडली की भडका, भडका उडाला की फट! हे न थांबता होत राहिलं की फटफट. थंडीत या तिघांचं बिनसतं. पेट्रोलची वाफ नीट होत नाही. आतलं वंगण मधासारखं जाड होतं आणि लाथ मारावी तर वाटतं, भिंतीला मारतोय. दव शिरलं तर ठिणगी मरते. मिस्त्रीचं काम एवढंच, की तिघांपैकी रुसलेला कोण ते ओळखायचं. जो ओळखायच्या आधीच स्क्रू पिळायला लागतो तो मिस्त्री नव्हे, तो खाटीक.

पण लोकांना धीर कुठला? नाटे गावचे एक खोत होते. त्यांनी थंड फटफटीच्या पोटाखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. वर पेट्रोलची टाकी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. थंडी गेली, आणि बरोबर फटफटीही गेली. खोतांच्या मिशीची एक बाजू पुढे कायम दुसरीपेक्षा आखूड राहिली. भेटले की म्हणायचे, “नानू, शेगडी चांगली होती हो!” शेगडी त्यांना शोधून सापडली होती ती शेजारच्या वाडीत, नारळाच्या शेंड्यावर.

असो. पालीची गोष्ट सांगतो.

पालीला विनायक डॉक्टर होते. सगळा मुलूख त्यांना विनूडॉक्टर म्हणे. मुंबईला शिकलेले, तरुण, एकटे. घरात ते आणि त्यांची आई, माई. रत्नागिरी सोडली की घाट लागेपर्यंत औषध देणारा शिकलेला माणूस तो एवढाच. त्यांनी एक विलायती फटफटी घेतली होती. हिरवी टाकी, सोनेरी रेघा, आवाज असा की नाणिजच्या म्हशी पान्हा चोरायच्या. तिच्यावर बसून डॉक्टर आडवाटेच्या गावांना जात. लोक आवाज ऐकूनच अर्धे बरे होत.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि फटफटी बिघडली. म्हणजे कशी, तर पहाटे उठेना. डॉक्टर लाथा मारून मारून घामाघूम. ऊन अंगणात आलं की मात्र पहिल्या लाथेला सुरू! डॉक्टर तिच्यावर बसून तडक माझ्याकडे येत. माझ्या दुकानात ती येई तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला. मी लाथ मारायचो, ती एका फटक्यात गायला लागायची.

“डॉक्टर,” मी म्हणायचो, “फटफटीला काही झालेलं नाही. तुमच्या पायाला काहीतरी झालंय. कुणा चांगल्या डॉक्टरला दाखवा.”

दोनतीनदा हसले बिचारे. एके दिवशी मात्र आले ते हसायच्या बेतात नव्हते. फटफटीवरून उतरले, दारातल्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, “नानू, पेंढा काढताना एका बाईला फुरसं चावलं. पहाटे निरोप आला. मी या यंत्राला लाथा मारत बसलो. शेवटी पळत गेलो, पेटी घेऊन. बाई वाचली. पण माझ्या औषधाने नाही, नशिबाने वाचली.”

मी फटफटीची टाकी पुसायला लागलो. असल्या वेळी मलाही पदरचं काही घालता येत नाही, कोणाचा विश्वास बसो न बसो.

“मुंबईच्या एका इस्पितळातून बोलावणं आलंय,” ते म्हणाले. “तिथे रोगी डॉक्टरकडे येतात, डॉक्टरला धावावं लागत नाही. सोमवारच्या बोटीने मी निघतोय. पुढच्या वेळी नशीब आडवं आलं तर ते मला सोसायचं नाही.”

“आणि माई?”

“माईला मागाहून नेईन. ती नको म्हणत्ये, पण एकटी ठेवू कशी?”

मला काय वाटलं ते सांगतो. डॉक्टर गेला तर पालीचं काय, हे आधी मनात आलं असं म्हटलं तर छान दिसेल. पण आधी मनात आलं ते हे, की रत्नागिरी जिल्ह्यातली एक फटफटी नानू मिस्त्रीला दाद देत नाही आणि तिच्यापायी माणूस देशोधडीला लागतो, हे उद्या बंदरावर सांगतील! मी पाने-हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि म्हटलं, “सोमवार लांब आहे. मी पालीला येतो. ती पहाटे रुसते ना? मग पहाटेच तिच्या उशाशी बसतो. ती उठेपर्यंत मी उठायचा नाही.”

गुरुवारी मी पालीला मुक्कामाला गेलो. शुक्रवारी फटफटायच्या आत, म्हणजे पूर्वेला फटफटायच्या आत, डॉक्टरांच्या अंगणात उभा राहिलो. गारठ्याने नाक चोंदलेलं, पाणी वाहतंय. समोरच धोंडू गाडीवानाचं खोपट. धोंडू घोंगडी घेऊन बांधावर येऊन बसला. फटफटी आल्यापासून त्याच्या बैलगाडीचं डॉक्टरांचं भाडं बुडालं होतं, त्यामुळे हा तमाशा तो रोज पाहायचा, देवदर्शनासारखा.

मी लाथ मारली. काही नाही. पुन्हा मारली. फटफटीने साधा खोकलाही काढला नाही.

“काय वो मिस्त्री,” धोंडू म्हणाला, “जल्ली उठत नाय काय? माझं बैल बगा. त्यांना लाथ मारायला लागत नाय. तेच मारतत.”

“तुझ्या बैलांना लाथ मारायला पाय तरी आहेत. हिला माझाच पाय उसना द्यावा लागतोय,” मी म्हटलं आणि कामाला लागलो.

आधी पेट्रोल. कार्बोरेटरची घुंडी दाबली, पेट्रोल वर आलं, बोट ओलं झालं. म्हणजे पिणं ठीक. मग वंगण. दाब सोडायचा खटका ओढून इंजिन हळूहळू फिरवलं, जाड झालेलं वंगण मोकळं झालं, लाथ हलकी पडायला लागली. तरी गप्प. मग प्लग काढला, चुलीवर शेकून आणला, इंजिनाच्या अंगावर आडवा ठेवला आणि लाथ मारून पाहिलं. प्लगच्या टोकाला काजव्याएवढी निळी ठिणगी दिसायला हवी. दिसला नुसता अंधार.

सापडला! रुसलेली ठिणगी आहे.

ठिणगी तयार होते मॅग्नेटोत. मॅग्नेटो म्हणजे आत लोहचुंबक असलेली एक पेटी. इंजिन फिरलं की हीही फिरते आणि वीज पाडते. तिच्या टोकाला गोल झाकण असतं, पितळी, हुबेहूब कुंकवाच्या करंड्यासारखं. वरची पट्टी बाजूला सारली की झाकण हातात येतं. आत दोन इवलेसे पॉइंट असतात. एक जागचा हलत नाही, दुसरा एका बारीक दांडीवर बसून सारखी उघडझाप करतो. ते मिटले पाहिजेत आणि ऐन वेळी उघडले पाहिजेत. उघडताना तिकडे ठिणगी पडते. पापणीसारखं काम आहे. पापणी मिटलीच नाही किंवा उघडलीच नाही, तर डोळा आंधळा.

अंधारात काही दिसेना, म्हणून मी तो सगळा भाग सोडवून चुलीपाशी उजेडाला नेला. माई भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी पाट दिला. मी बसून फडक्याने भाग पुसला, दांडी बोटाने हलवून पाहिली. छान हलत होती. थोडा तेलकटपणा होता. परत नेऊन बसवला, लाथ मारली, आणि फट् फट् फट्! धोंडूच्या घोंगडीवरचं दवसुद्धा उडालं.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “दव शिरत होतं. आणि पॉइंटला तेल घालत जाऊ नका हो. तिथे तेल चालत नाही.”

“मी?” डॉक्टर म्हणाले. “मी त्या झाकणाला जन्मात हात लावलेला नाही.”

मोठी माणसं कबूल करत नाहीत, असं मी मनात म्हटलं. दिवसभर खपून सगळी फटफटी सोडवली. कण न् कण पेट्रोलने धुतला, मॅग्नेटोला मेणकापड गुंडाळलं. शनिवारी पहाटे पहिल्या लाथेला सुरू! डॉक्टर चक्क हसले. त्यांनी मला मिठी मारली, माईंनी शिरा केला. आणि मी? मी बाजारपेठेत जाऊन बसलो आणि थंडीवर व्याख्यान दिलं. बसऱ्याच्या चहाच्या वड्या सांगितल्या. बसऱ्याचा सेनापती माझ्या पायाचा ठसा घेऊन विलायतेला गेला, हेही सांगितलं. ऐकणारे इतके रंगले की माझाही त्यावर विश्वास बसायला लागला.

रविवारी पहाटे डॉक्टरांनी लाथ मारली. काही नाही.

त्यांनी पुन्हा मारली. मग मी मारली. मेलेल्या माणसाला हाक मारावी तसं.

डॉक्टरांनी औषधांची पेटी उचलली. बांधाकडे वळून म्हणाले, “धोंडू, गाडी जुंप रे. नाणिजला दोन रोगी बघून येऊ. आणि उद्या पहाटे ट्रंका घ्यायच्या आहेत बोटीसाठी.”

“होय डाक्तर,” धोंडू म्हणाला. भाडं परत मिळालं होतं, पण का कोण जाणे, आज त्याला थट्टा सुचली नाही. जाताना एवढंच म्हणाला, “मिस्त्री, सोमवारी डाक्तर गेला की ह्या बैलांस्नी घेऊन मी कोणाकडं जाऊ? माझ्या बायलीचा आठवा म्हयना हाय.”

गाडी गेली. मी फटफटीसमोर उकिडवा बसलो. बसऱ्याचा सेनापती, पायाचा ठसा, सगळं विरून गेलं होतं. उरलं होतं ते एवढंच: शनिवारी पहाटे ही चांगली होती आणि रविवारी पहाटे वाईट. दव दोन्ही दिवस सारखंच. मेणकापड दोन्ही दिवस होतं. मग मधल्या वेळात झालं काय?

या वेळी मी शहाणपणा केला. भाग चुलीपाशी नेला नाही. उजाडायला लागलं होतं. जागच्या जागी, गारठ्यात, मेणकापड सोडलं आणि झाकण काढलं. आत पाहतो तो पांढरंशुभ्र! हलत्या दांडीच्या सांध्यात, पॉइंटच्या मध्ये, तुपासारखं काहीतरी थिजून बसलेलं. दांडी बोटाने दाबली तर हलेना. पापणी चिकटलेली.

नाक चोंदलेलं, वास येईना. मिस्त्रीचं शेवटचं हत्यार जीभ. लावली.

खोबरेल तेल!

आता कोकणात कुणाला सांगायला नको, थंडीत खोबरेल थिजतं. पहाटे बाटली चुलीपाशी ठेवावी तेव्हा केसांना बोटभर मिळतं. ऊन आलं की आपसूक पातळ होतं. म्हणजे पहाटे फटफटीची पापणी चिकटायची, उन्हात सुटायची. माझ्या दुकानात येईपर्यंत तेलाचं पाणी. आणि शुक्रवारी? शुक्रवारी मी मोठा पुरावा पकडावा तसा तो भाग उचलून नेला होता आणि चुलीच्या धगीला धरून पुरावा वितळवून टाकला होता!

पण लोहचुंबकाच्या पेटीत खोबरेल घातलं कुणी?

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. चुलीजवळ बाटली ठेवलेली, माई ती हाताने फिरवून बघत होत्या, पातळ झालं का म्हणून.

“माई,” मी म्हटलं, “फटफटीला तेल कोण घालतं?”

“मी घालत्ये हो,” माई म्हणाल्या. चोरी पकडल्यासारखं नव्हे, कौतुकाने. “दिवाळीला पहिल्या अंघोळीला विनूला तेल लावलं, म्हटलं, हे लेकरू दारात उघडं उभं आहे, विनूला रानावनातून आणतंय, नेतंय, याला का नको? अभ्यंग घातलं. मग म्हटलं, थंडीची अंगं उलतात, तर दर शनिवारी मारुतीला तेल घालून यायचं आणि वाटीत उरेल ते याला. हेही वाऱ्याचंच लेकरू. तान्ह्या मुलाला घालतात तसंच घालत्ये हो. टाळूवर, कानांत, बेंबीत.”

“बेंबी म्हणजे?”

“ते नाही का कुंकवाच्या करंड्यासारखं? त्याचं झाकण काढून. अरे, मुलाच्या बेंबीत तेल घातलं की ओठ फुटत नाहीत, पोट दुखत नाही. तू त्याला दुपटं गुंडाळून ठेवलं होतंस, ते काल सोडलं, तेल घातलं आणि पुन्हा तसंच बांधून ठेवलं.”

टाळू म्हणजे टाकीचं झाकण, कान म्हणजे हँडलवरचे खटके, आणि बेंबी म्हणजे मॅग्नेटो! पन्नास कारखान्यांचे साहेब जमले असते तरी हा बिघाड त्यांना सापडला नसता, कारण त्यांच्यात कुणाला तेल घालणारी माई नव्हती.

मला इतकं हसू फुटत होतं की काय सांगू. तोंड उघडलं, ‘माई, तुम्हीच…’ म्हणणार, तेवढ्यात त्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, “त्या बाईला फुरसं चावलं ना, विनू पेटी घेऊन पळत गेला. मी दारातून बघत होत्ये. पायात वहाण नव्हती रे त्याच्या. तेव्हापासून दुप्पट घालत्ये. म्हटलं, लेकरा, पुन्हा माझ्या विनूला असा पळवू नको.”

उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं.

आता विचार करा. या माउलीला सांगायचं, की तुझ्या तेलानेच तो पळाला? तुझ्या तेलानेच ती बाई मरणाच्या दारी गेली, आणि तुझ्या तेलानेच उद्या तुझं घर उठतंय? तसं सांगणारे असतात, आणि त्यांना लोक खरं बोलणारे म्हणतात. माझी ती ख्याती कधीच नव्हती; उगाच त्या दिवशी कशाला सुरू करू?

पण तेल तर थांबलंच पाहिजे. आणि नुसतं ‘घालू नका’ म्हटलं तर बाई विचारणार, का? मी ओटीवर बसलो, एक विडी ओढली, दुसरी पेटवली. आणि डोक्यात ठिणगी पडली, निळी, काजव्याएवढी.

“माई,” मी आत जाऊन गंभीरपणे म्हटलं, “फटफटी उठत नाही याचं कारण मला कळलं. हट्ट आहे तो. वय झालं तिचं, म्हणजे त्याचं. मोठा झाला तो. आईने अजून तान्ह्यासारखं टाळूला, बेंबीला तेल लावावं, हे त्याला लाजिरवाणं वाटतं. याची मुंज करायला हवी.”

माईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, ही बाई आता चिमटा फेकून मारते. मग त्या दाराशी आल्या, अंगणात उभ्या फटफटीकडे त्यांनी पाहिलं, नीट, खालपासून वर. आणि हळूच म्हणाल्या, “वाढला आहे खरा.”

“मुंज झाली की आईच्या हातची अंघोळ बंद.”

“बंदच,” माई म्हणाल्या. “विनूचीही केली होती मी बंद. आठ दिवस रडत होता. म्हणजे मी. पण मुहूर्त?”

“यंत्राला मुहूर्त लागत नाही. ते कारखान्यातून निघतं तोच मुहूर्त.”

“आणि कानात मंत्र कोण सांगणार? तू?”

“त्याचा मंत्र मला बसऱ्यापासून पाठ आहे. फट फट फट.”

माई हसल्या. तोंडावर पदर घेऊन हसल्या. मग त्यांनी सगळं यथासांग केलं. मी आधी पॉइंट पेट्रोलने लख्ख धुऊन घेतले, टाळू, कान, बेंबी सगळं कोरडं केलं. माईंनी देवघरातून डॉक्टरांच्या जानव्यांच्या जोडांतलं एक जानवं आणलं आणि हँडलवर डावीकडून उजवीकडे, बरोबर घातलं. मुंजीत मातृभोजन असतं ना? आई आणि बटू एका ताटात शेवटचे जेवतात. माईंनी ताट वाढून आणलं, गूळ-तूप-भात. पहिला घास टाकीवर ठेवला, दुसरा स्वतः खाल्ला. पुन्हा टाकीवर, पुन्हा स्वतः. टाकीवरचे घास नंतर कावळ्यांनी उचलले. जेवण झाल्यावर माईंनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आता आपलं आपण सांभाळ हो बाळा. आणि विनूलाही.”

मी पाना शोधायला लागलो. पाना माझ्या हातातच होता.

संध्याकाळी डॉक्टर आले. हँडलवरचं जानवं बघून थबकले. “हे काय?”

“थंडीचा इलाज,” मी म्हटलं. “मॅग्नेटोत एक बारीक सांधा असतो, तो गारठ्यात अडकत होता. मोकळा केला. दोऱ्याचं काय, तो बसऱ्याकडचा रिवाज आहे.”

“बसऱ्याला जानवं?”

“साहेब लोक फार सोवळे होते हो तिकडचे.”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. “उद्या पहाटे एक लाथ मारीन,” ते म्हणाले. “एकच. नाही उठली तर मी बोटीवर.”

“एकच मारा. दुसरी मारलीत तर ती माझ्या पाठीत मारा.”

सोमवारची पहाट अशी गार होती की पालीच्या नदीतले मासे काठावर येऊन अंग चोळत होते. धोंडूची गाडी दारात. बैल जुंपलेले, ट्रंका चढवलेल्या. माई दारात उभ्या. डॉक्टर अंगावर कोट घालून आले, घुंडी दाबली, खटका ओढला, पाय ठेवला. मी डोळे मिटले. मला देव फारसे ओळखीचे नाहीत, पण त्या दिवशी पालीतल्या प्रत्येक देवाला नावाने हाक मारली.

लाथ बसली.

फट्! फट्! फट् फट् फट् फट्!

मी आणि माईंनी तो आवाज कान भरून ऐकला. बैलांनी मात्र तो आवाज ऐकला आणि सोसला नाही. गाडी घेऊन जे उधळले, ते बंदराच्या वाटेला नाही, उलट्या, घाटाच्या वाटेला. पुढे बैल, मध्ये उड्या मारणाऱ्या ट्रंका, मागे घोंगडी टाकून पळणारा धोंडू. “आवो डाक्तर, तुमचा बिऱ्हाड चाललां कोल्हापुरास!” डॉक्टर फटफटीवर त्यांच्या मागे. नाणिजच्या चढाला गाडी अडवली. ट्रंका उतरल्या त्या डॉक्टरांच्या घरात, आणि पुढे कधी चढल्या नाहीत. धोंडूच्या बायकोच्या वेळेला डॉक्टर त्याच फटफटीवरून गेले. मुलगी झाली. धोंडू म्हणे, रडायला लागली तीच फटफट करत. हे पदरचं माझं नाही, धोंडूचं.

पुढे कित्येक वर्षं ती फटफटी पालीला धावली. दरसाल साफसफाईला माझ्याकडे यायची. पावसाळ्यात, नारळी पौर्णिमेनंतर. दरसाल मी बघायचो, हँडलवरचं जानवं नवंकोरं, पांढरंशुभ्र. मला वाटे, माई बदलत असतील. त्या बदलणारच. डॉक्टरांशी मी त्याबद्दल कधी बोललो नाही. सांगायची गोष्ट अशी, की मी, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने जन्मातली सगळ्यात झकास गोष्ट कुणाला सांगितली नाही. बंदरावर सगळे बसऱ्याचे किस्से ऐकत आणि मी आतल्या आत फुटत असे.

मग एका उन्हाळ्यात माई गेल्या.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली आणि डॉक्टर फटफटी घेऊन आले. केस पांढरे व्हायला लागले होते. मी हात पुसत पुढे झालो, सवयीने हँडलकडे नजर गेली. म्हटलं, आता जुनं, मळकं जानवं असेल, मीच काढून ठेवीन.

जानवं नवं होतं. ब्रह्मगाठ ताजी, सुताला अजून हळदीचा वास.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते ओंडक्यावर बसून चष्मा पुसत होते.

“श्रावणी झाली,” ते म्हणाले. “माझं बदललं, त्याचंही बदललं. दरसाल बदलतो.”

मग चष्मा लावून म्हणाले, “नानू, मॅग्नेटो उघडशील तेव्हा जपून. तिथे तेल लागता कामा नये.”